'बिग कॅट साइटिंग'ला मराठीत काय म्हणावे?

तर्जुमाकार :
एका दिवाळी अंकासाठी इंग्लंडमधील बॉडमिनच्या माळरानावरील गूढ प्राण्याविषयीचा लेख मी मराठीत आणत आहे आणि पहिल्याच वाक्याला अडलो आहे. कॉर्नवॉलमधील या माळावर काळा, लांब शेपटीचा, कुत्र्याहून मोठा प्राणी पाहिल्याचे लोक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. १९९५ साली तेथील कृषी मंत्रालयाने रीतसर चौकशी केली आणि असा प्राणी तेथे असल्याचा खात्रीलायक पुरावा मिळत नाही, मात्र तो नाहीच असेही सिद्ध करता येत नाही, असा निष्कर्ष काढला. वाघ-बिबट्यासारख्या मार्जारकुळातल्या मोठ्या प्राण्यांना इंग्रजीत 'बिग कॅट' म्हणतात आणि तो दिसल्याच्या घटनेला 'साइटिंग'. मी 'बिग कॅट'साठी 'मोठे मांजर' लिहिले होते. संपादकांनी त्यावर काट मारून 'बिबट्या' केले आणि 'साइटिंग'च्या जागी 'अफवा' हा शब्द घातला. तो बिबट्या आहे हे ठरले असते, किंवा ती अफवा आहे हे ठरले असते, तर हा लेखच लिहावा लागला नसता. दोन्हींपैकी कोणतीही बाजू न घेणारे शब्द आपल्याकडे आहेत का?

निरुक्त :
शब्द आहेत, ते वापरण्याची सवय तेवढी गेली आहे. 'बिग कॅट'साठी 'बृहद्मार्जार', 'अनकन्फर्म्ड साइटिंग'साठी 'अपुष्ट दर्शन' आणि त्या प्राण्याला 'बॉडमिनचे श्वापद' म्हणावे. 'मोठे मांजर' वाचून वाचकाला शेजारच्यांचा गलेलठ्ठ बोका आठवेल.

घाटवाट :
निरुक्त, आमच्याकडे अपुष्ट म्हणजे ज्याच्या अंगावर मांस धरले नाही तो. 'पुष्टी' या अर्थाने हिंदी बातम्यांतून आली. मराठीत दुजोरा मिळतो किंवा खातरजमा होते. आणि दर्शन पांडुरंगाचे घ्यावे, नाहीतर ताडोब्याला जिप्सीत बसून पैसे भरून घ्यावे. शेळ्या राखणाऱ्याला दर्शन होत नाही, त्याला जनावर दिसते.

माझी आजी मुळशीकडची. गोठ्याच्या कुडाला रात्री काही घासून गेले की ती सकाळी 'वाघरू आलं होतं' एवढेच म्हणे. एकदा वनरक्षकाने तिला विचारले, 'पट्ट्यांचा की ठिपक्यांचा?' ती म्हणाली, 'मी काय कंदील घेऊन त्याच्या अंगावरचं मोजत बसले होते?' तिच्या वाघरूत ढाण्या वाघही बसे आणि बिबट्याही. तर्जुमाकारांना हवा आहे तो शब्द हाच.

ठिपका :
वाघरू सुंदर आहे, पण ते कोकरू, पाखरू, वासरू यांच्या पंगतीतले नपुंसकलिंगी रूप आहे. त्यात लहानपणा आणि माया आहे. मेंढ्या फाडणाऱ्या प्राण्याला ते कसे शोभेल?

घाटवाट :
मुद्दाम लहान केले आहे. रात्री सापाला जनावर म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. ज्याची भीती वाटते त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे नाही.

ठिपका :
हे आपले अनुमान झाले, व्युत्पत्ती नव्हे. तरी मला ते आवडले. 'श्वापदा'ला मात्र माझा सक्त विरोध आहे. श्वापद म्हणजे श्वानासारखे पाय असलेला! संपूर्ण वाद तो प्राणी मार्जारकुळातला आहे की नाही यावर चालला असताना आपण नावातच त्याला कुत्र्याचे पाय लावणार का? आणि गंमत अशी की इंग्लंडमध्ये 'बिग कॅट'चे म्हणून दाखवलेले अनेक ठसे खरोखरच कुत्र्यांचे निघाले. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात. मांजर चालताना नखे आत ओढून घेते.

निरुक्त :
शब्दाचा मूळ अर्थ रूढार्थावर लादणे हा हौशी व्युत्पत्तिकारांचा जुना रोग आहे. 'कुशल' म्हणजे मुळात कुश, अर्थात दर्भ, तोडणारा; म्हणून कुशल माणसाने दर्भ तोडलेच पाहिजेत असे आपण म्हणत नाही. श्वापद म्हणजे हिंस्र पशू, येथे विषय संपला.

सातासमुद्रापार :
मी गेली १४ वर्षे कॉर्नवॉलशेजारच्या डेव्हनमध्ये राहतो, म्हणून थोडे सांगतो. एका नोव्हेंबरात दिवस मावळताना माळावरच्या फाटकापाशी मी एक काळा प्राणी पाहिला. तो भिंतीच्या कडेने सावकाश चालला होता, शेपूट खाली वळून टोकाशी वर उचललेली. जवळपास मेंढी, माणूस, काहीही नव्हते, त्यामुळे त्याची उंची कशाशी ताडून पाहावी हेच कळेना. घरी येऊन आईला फोनवर म्हणालो, 'आई, वाघासारखं काहीतरी दिसलं.' दुसऱ्या दिवशी फाटक मोजले तेव्हा त्याचा खालचा दांडा माझ्या गुडघ्याच्याही खाली होता आणि तो प्राणी त्या दांड्याखालून वाकल्याशिवाय गेला होता. बॉडमिनच्या चौकशीतही अधिकाऱ्यांनी छायाचित्रांतल्या जागी मोजपट्टी उभी केली, तेव्हा काही 'श्वापदे' घरगुती मांजराएवढी निघाली.

तरीही मी आईला खोटे बोललो नव्हतो. 'मला दिसलं' या वाक्यात करणारा मी नसतो, दिसणारे असते. मला वाटते 'साइटिंग'ला नामच कशाला हवे? 'प्राणी दिसल्याचे सांगितले जाते' एवढे पुरे आहे.

ठिपका :
शीर्षकात क्रियापद कोंबून पाहा, मग बोलू.

घाटवाट :
'अफवा' तर नकोच. स्कॉटलंडमध्ये १९८० साली कॅनिक गावाजवळ एका शेतकऱ्याने लावलेल्या पिंजऱ्यात प्यूमाची, म्हणजे अमेरिकेतल्या मार्जारकुळातील एका मोठ्या हिंस्र प्राण्याची, खरीखुरी मादी सापडली. ती इतकी माणसाळलेली होती की कोणीतरी पाळून सोडली असावी असा संशय आला. ब्रिटनमधल्या १९७६ च्या कायद्याने असे प्राणी पाळायला परवाना लागू लागला, तेव्हा काही मालकांनी ते रानात सोडले असे तिकडे सांगतात. मग त्यांना 'वन्य' तरी कसे म्हणावे? गावात सोडलेल्या वळूला आपण मोकाट म्हणतो. तो प्यूमाही मोकाटच.

निरुक्त :
प्यूमा डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा घुरघुरतो. काटेकोर वर्गीकरणात तो 'बिग कॅट'मध्ये मोडतच नाही. तेव्हा बृहद्मार्जारातून त्याला वगळावे लागेल.

ठिपका :
म्हणजे आपण सुचवलेल्या शब्दात एकमेव सापडलेला प्राणी बसत नाही!

निरुक्त :
एकमेव नव्हे. १९९५ मध्येच, चौकशीचा निष्कर्ष जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत, फॉवी नदीत एका मुलाला बिबट्याची कवटी सापडली होती.

सातासमुद्रापार :
आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला तिच्यात उष्ण कटिबंधातल्या झुरळाच्या अंड्यांचा कोष मिळाला, म्हणजे तो बिबट्या इंग्लंडात मेलाच नव्हता. कातड्याच्या गालिच्याला जोडलेले डोके होते ते. बिबट्या खरा, कवटी खरी, नदीही खरी.

घाटवाट :
याला आमच्याकडे हूल देणे म्हणतात.

ठिपका :
हूल देणाऱ्याला हेतू असतो. सातासमुद्रापारांच्या मांजराने कोणाला हूल दिली?

तर्जुमाकार :
आपणा सर्वांचा आभारी आहे. अंक छपाईला जायचा असल्याने मी मजकुरात 'वाघरू' आणि शीर्षकात 'कोणीतरी दिसले' असे लिहून पाठवले होते. संपादकांचा आत्ताच फोन आला. ते म्हणतात, 'कोणीतरी' माणसासाठी असते, प्राण्यासाठी 'काहीतरी' करा.

निरुक्त :
ते बरोबर म्हणत आहेत.

घाटवाट :
साफ चूक. आजी गोठ्याकडे पाहून 'कोण आहे रं तिकडं?' असेच ओरडत असे.