अनुभव धागा : साहेब कोणत्या प्रकारचा, अन् त्याच्याशी जमवायचं कसं?

हिंगणा-बुटीबोरीचे कारखाने, मिहानमधल्या आयटी कंपन्या, सिव्हिल लाइन्सची सरकारी कार्यालयं, इतवारीच्या पेढ्या. नागपुरात साहेबांचे नमुने कमी नाहीत. 'माझा बॉस किती छळतो' ही रडगाणी नकोत. पद्धत कशी ओळखायची, कुठे चालते, कुठे फसते, तेवढं लिहा.

हिंगणा_पाळी
हुकूम सोडणारा सुपरवायझर सरसकट वाईट नसतो. गॅस गळाला, मशीन अडकली, तर एकाने सांगायचं अन् बाकीच्यांनी करायचं. तो फसतो रिजेक्शनमध्ये, म्हणजे नग खराब निघाले की. लाइनवर चारचौघांत झापलं की पोट्टे खराब नग क्रेटच्या तळाशी सरकवतात. रजिस्टर स्वच्छ दिसतं, अन् पुढे ग्राहकाकडून अख्खा लॉट परत येतो. म्हणून चौकशीचा क्रम बदला. आधी कोणती पाळी, कोणती मशीन, किती नग, टूल शेवटचं कधी बदललं. नाव सगळ्यात शेवटी. पाळी बदलताना दोन्ही सुपरवायझर दहा मिनिटं मशीनपाशी हवेत, ऑफिसात नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की भट्टीजवळचं जड काम पहाटेच्या तासांत उरकावं. तिथे दरडावून नग वाढत नाहीत, बाप्पा.

आर्गनवाला
हर्सी आणि ब्लँचार्ड या व्यवस्थापन-तज्ज्ञांनी १९६९ मध्ये मांडलेल्या, माणसाकडून काम करून घेण्याच्या चार पायऱ्या कारखान्यात खरंच उपयोगी पडतात: सांगा, पटवा, सामील करा, सोपवा. घोळ होतो तो माणसाला एकच पायरी चिकटवल्याने. पायरी कामागणिक ठरते. साध्या वेल्डिंगमध्ये मुरलेला मिस्त्री आर्गनवर, म्हणजे आर्गन गॅसच्या वेल्डिंगवर, नवाच असतो. 'सीनियर आहे' म्हणून सोपवून मोकळं झालं की टंगस्टनचं टोक जॉबला टेकतं, गॅस कमीजास्त होऊन वेल्डमध्ये छिद्रं पडतात, आणि त्याला विचारायची लाज वाटते. टोक लांबीच्या दिशेने घासायचं, करंट इतका, गॅस इतका, हे त्याला सांगावंच लागतं. त्याच्या जुन्या कामात मात्र त्याच्या डोक्यावर उभं राहू नका.

मिहान_क्युबिकल
एमबीटीआय या स्वभाव-चाचणीचे १६ प्रकार टीम बांधायला वापरणाऱ्यांनो, जरा दमानं. अंतर्मुख-बहिर्मुख अशा स्वभावाच्या चार जोड्यांपैकी प्रत्येकीत मधोमध रेघ मारून माणूस अलीकडे किंवा पलीकडे टाकतात. रेघेजवळचा माणूस पुन्हा चाचणी दिली की सहज बाजू बदलतो. भरतीसाठी ही चाचणी वापरू नका, असं तिचे प्रकाशकच सांगतात. त्यापेक्षा नव्या मॅनेजरला पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी विचारा: अपडेट लेखी हवा की तोंडी, अर्धा मसुदा दाखवलेला चालेल की पूर्णच, आणि वाईट बातमी किती वाजेपर्यंत फोनवर सांगायची.

अधिवेशन_ड्युटी
डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन लागलं की साहेबांचे दोनच प्रकार उरतात. एक, स्वल्पविरामसुद्धा स्वतः तपासणारे. यांच्या टेबलावर आमदारांच्या तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नांच्या उत्तरांचा ढीग अडतो. मसुद्यासोबत वेगळा कागद लावा: कोणता आकडा कोणत्या कार्यालयाकडून, कोणत्या तारखेचा, मागच्या उत्तरात किती होता. त्यांची नजर आकड्यांवर जाते, भाषा सुटते अन् फाइल हलते. दुसरे 'बघून घ्या' वाले. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ३ वाचून ठेवा: वरिष्ठांचे निर्देश शक्यतो लेखी हवेत, तोंडी दिले तर त्याची लेखी पुष्टी व्हावी. तेव्हा त्याच दिवशी टिपणीत 'चर्चेनुसार' म्हणून दोन ओळी लिहून सही घ्या. नंतर कोणी देत नाही.

इतवारी_गल्ला
बाप अन् लेक दोघंही मालक असले की नोकर ज्याचं सोपं त्याचं ऐकतो. भाव एकाने ठरवायचा, उधारी दुसऱ्याने. बस.

आर्गनवाला
साहेबाचा प्रकार ओळखायला चाचणी कशाला? लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांचा पुढारीपणाच्या पद्धतींवरचा १९३९चा अभ्यास शाळकरी पोरांवरचा होता, फाउंड्रीवरचा नाही. पण त्यातली एक गोष्ट कुठेही तपासता येते. हुकमी पुढारी खोलीबाहेर गेला की काम मंदावायचं, सगळ्यांना धरून चालणारा गेला तरी फारसा फरक पडत नसे.

हिंगणा_पाळी
भाऊ, पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा, नका तपासू. त्या दिवशी निम्मी पाळी तशीही महालात असते.