गाडीशिवाय नागपुरात भागतं. पटत नसेल तर बोला

बर्डीचा भाऊ
मावसबहीण पुण्याहून आठ दिवसांसाठी येतेय. फोनवर पहिलं वाक्य : "दादा, तुझी गाडी मिळेल ना?" म्हटलं, कशाला? रेल्वे स्टेशनलाच मेट्रोचं स्टेशन आहे. एकदा बसलीस की थेट शंकरनगर, लाइनसुद्धा बदलायची नाही. तिथून आमचं घर पायी दहा मिनिटं. मार्च २०१९ मध्ये खापरी ते बर्डी सुरू झाली तेव्हा रिकामे डबे पाहून मीही हसलो होतो. ११ डिसेंबर २०२२ ला ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगरपर्यंतचे उरलेले तुकडे जोडले गेले, तेव्हापासून माझी गाडी बहुतेक पार्किंगमध्येच असते. ज्याला त्याला गाडी लागते ही आपली सवय आहे, गरज नाही.

मानेवाड्याची सून
शंकरनगरात राहून हे बोलणं सोपं आहे भाऊ. मेट्रोचा नकाशा पाहा, अधिकचं चिन्ह आहे. एक दांडी वर्धा रोड ते कामठी रोड, दुसरी हिंगण्याच्या बाजूपासून प्रजापतीनगर. निम्मं नागपूर त्या चिन्हाच्या चार पोकळ्यांत राहतं. आम्ही मानेवाडा, बेसा, हुडकेश्वरवाले एका पोकळीत, झिंगाबाई टाकळीवाले दुसऱ्या. मेट्रोपर्यंत पोचायला ऑटो केला तर तोच तिकिटापेक्षा महाग पडतो.
आणि मी फक्त बर्डीला थोडीच जाते? पोराला ट्यूशनला सोड, दळण टाक, सासूबाईंची औषधं घे, येताना भाजी. ह्याचं तिकीट कुठून कुठपर्यंतचं काढू?

बर्डीचा भाऊ
बस आहे की. मोरभवनला उतरा, झाशी राणी चौकाचं मेट्रो स्टेशन तिथंच.

मानेवाड्याची सून
बस आहे हे मला माहीत आहे. ती *कधी* आहे, ते सांगा.

हिंगणा शिफ्टवाला
दोघंही बरोबर बोलून राह्यले. मी एमआयडीसीत आहे. मे महिन्यात ४५ डिग्रीत तोंडाले दुपट्टा बांधून गाडी चालवून पाहा, मंग समजते एसी डबा काय चीज आहे. जनरल शिफ्टले मेट्रो म्हणजे सोनं. लोकमान्यनगरले उतरलो का शेअर ऑटो. पण सेकंड शिफ्ट सुटते रातच्या ११ ले, तवा मेट्रो झोपलेली असते. तवा गाडीच कामी येते राजेहो.

सोनेगावकर
पाहुण्यांसाठी एक भर घालतो. 'एअरपोर्ट' स्टेशनवर उतरलं की टर्मिनल समोर दिसेल असं समजू नका. स्टेशन वर्धा रोडवर, टर्मिनल बरंच आत. पाठीवर एकच पिशवी असेल तर ठीक, चाकाची बॅग ओढत उन्हात निघालात तर विमानाआधी तुम्हीच उडाल. आणि हो, इथं 'ऑटो' म्हणायचं. जुन्या माणसाला 'रिक्षा' म्हटलं तर तो पायडलवाली दाखवेल. 'मीटरने चला' म्हटलं की ऑटोवाला असं बघतो, जसं आपण त्याची किडनी मागितली. ॲपवर भाडं पाहून घ्यावं, मग चौकात घासाघीस करावी. घासाघीस मला तरी जमत नाही, बायको करते.

बर्डीचा भाऊ
ते सगळं मान्य. पण गड्डीगोदामला एकदा खाली उभं राहून वर पाहा. रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. असं आपल्या शहरात होईल असं दहा वर्षांपूर्वी वाटलं होतं?

मानेवाड्याची सून
पाहिलंय, गाडीवरूनच. चार मजली वाहतूक बांधता येते, तर आमच्याकडे दर दहा मिनिटांनी एक बस का नाही सोडता येत? तिला तर खांबही लागत नाहीत. तुमची बहीण येतेय तरी कशासाठी?

बर्डीचा भाऊ
लग्नाला.

मानेवाड्याची सून
कुठं आहे लग्न?

बर्डीचा भाऊ
बेसा रोडवर. लॉनवर. रात्री.

हिंगणा शिफ्टवाला
😂😂 दे बाप्पा किल्ली.

मानेवाड्याची सून
आणि पेट्रोल भरून द्या.