ट्रेनर आधी की रस्ता? मुंबईतल्या मुलींची पहिली सायकल शर्यत

हार्बरलाइन
काल या चर्चेत 'वॉट्सआधी' यांनी लिहिलं: "मुंबईच्या रस्त्यावर शर्यतीची तयारी म्हणजे बायकांनी जिवाशी केलेला खेळ. आधी सहा महिने घरात ट्रेनर, मग २०० ची ब्रेव्हे, मग कार्बन सायकल, आणि दोन वर्षांनी शर्यतीचं बघावं." (ट्रेनर म्हणजे घरात सायकल जागेवर ठेवून चालवायचं यंत्र, ब्रेव्हे म्हणजे ठराविक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, इथे २०० किलोमीटरची.) खाली अंगठ्यांची रांग लागलीय. हा सल्ला नव्या मुलीला शर्यतीपासून तोडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

मास स्टार्टमध्ये, म्हणजे सगळ्या एकत्र सुटतात त्या शर्यतीत, पहिल्या पाच-सात किलोमीटरमध्ये सुटणारी मुलगी पाय संपले म्हणून सुटत नाही. ती पुढच्या चाकापासून दोन मीटर लांब राहते, वारा खाते, वळणावर घाबरून ब्रेक दाबते. दहा मीटरची फट पडते, ती भरायला जीव काढते. अशी चार वळणं झाली की खेळ खलास. दुसरीच्या चाकामागे नीट बसलं की साधारण पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. ती वाचवायची कला ट्रेनरवर येत नाही.

ती येते अशी: रविवारी पहाटे नवी मुंबईचा पाम बीच रस्ता, किल्ला जंक्शन ते वाशी, फक्त दोघी-तिघी. आधी एक मीटर अंतर. नजर पुढचीच्या कमरेवर आणि तिच्या पलीकडच्या रस्त्यावर, टायरवर नाही. बोट ब्रेकच्या लिव्हरवर, पण वेग कमी करायला आधी पेडल सोडायचं किंवा थोडं वाऱ्यात बाहेर यायचं, ब्रेक शेवटी. हे अंगवळणी पडलं की अर्धा मीटर. आणि आपलं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीच घुसवायचं नाही. खड्डा चुकवायला ती वीतभर सरकली तरी तिचा टायर आपल्या टायरला घासतो, आणि पडते ती मागची.

कार्बन लागत नाही. अॅल्युमिनियमची नीट मापाची सायकल, गिअरच्या चकत्यांना पुढे ५०-३४ दाते, मागे ११-३२, एवढ्यावर बोरघाट चढतो.

वॉट्सआधी
चाकामागे कसं बसायचं ते मलाही माहीत आहे. प्रश्न आहे पाम बीचला पोचायचं कसं. दादरची मुलगी पहाटे साडेचारला सायकल घेऊन निघणार कुठून? सी लिंक सायकलला बंद, फ्रीवे बंद, कोस्टल रोड बंद, अटल सेतू बंद. उरतो तो बस-डंपरचा रस्ता, नाहीतर लोकलचा लगेज डबा. आरेत खड्डे आणि स्पीड ब्रेकर. वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतीचा ट्रॅक, मुंबईत नाही, तो पुण्यात बालेवाडीला. अशा शहरात आठवड्याला चार दिवस नीट ट्रेनिंग करायचं तर ट्रेनरच. दोन वेळा २० मिनिटं, एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येते त्या कमाल ताकदीच्या) ९० टक्क्यांवर, मध्ये पाच मिनिटं हलकं. ना सिग्नल, ना कुत्री. रस्त्यावर सलग २० मिनिटं मिळतात का, सांगा.

आणि चाकामागे बसा, बंचमध्ये (एकत्र धावणाऱ्या घोळक्यात) राहा, हे काय लावलंय? टोकियो ऑलिम्पिकच्या रोड रेसमध्ये ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर पहिल्या मिनिटाला पुढे निघाली आणि सुवर्ण घेऊन आली. व्यावसायिक टीमचा करार नसलेली गणितज्ञ. ताकद असेल तर बंच लागत नाही.

येऊरचढ
उदाहरण चुकीच्या बाजूने दिलंय. कीझेनहोफर २०१७ मध्ये बेल्जियमच्या टीमकडून धावली होती, ऑस्ट्रियाची टाइम ट्रायल (घड्याळाविरुद्ध एकटीची शर्यत) विजेती होती. बंचमध्ये काय होतं ते कळत होतं म्हणूनच तिने बाहेर राहायचं ठरवलं. शिवाय मागच्यांचा हिशेब चुकला, नेदरलँड्सच्या व्हान फ्लॉटनने दुसरी येऊन आपणच जिंकलो समजून हात उंचावले. या शर्यतीवरून नव्या मुलीला सल्ला द्यायचा नसतो.

अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर बघा. रोइंगमधून आलेली, २०१७ च्या सुमारास सायकलवर बसली, २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रोड रेसचं सुवर्ण. इंजिन आधीच तयार होतं. शिकावं लागलं ते सायकल हाताळणं.

बारीकसारीक
तुम्ही सगळे अंतर आणि वॉटवर भांडताय. मुली सोडून जातात त्या सीटमुळे. तिसऱ्या आठवड्यात पुढच्या बाजूला सूज येते, लघवीला आग होते, कुणाला सांगता येत नाही, दुकानात सांगितलं तर "सवय होईल". सवय होत नाही, जखम होते.

घरी करता येईल ते सांगते. खोक्याचा जाड पन्हाळी पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात बसा, पुढे वाका, टाचा थोड्या उचला, अर्धा मिनिट थांबा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. तिरपा उजेड पाडला की स्पष्ट दिसतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, त्यात २० ते २५ मिसळा, तेवढ्या रुंदीची सीट बघा. १२० आलं तर १४० ते १४५. मध्ये खाच असलेली घ्या. गादी मऊ नको, मऊ गादीत हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन घासतो.

बिबखाली (सायकलिंगच्या गादीवाल्या चड्डीखाली) अंतर्वस्त्र घालायचं नाही, शिवण कापते. मुंबईच्या दमटपणात बिब त्याच दिवशी धुऊन उलटी करून वाळवा. आणि केस पूर्ण काढू नका, वाढताना आत वळून गळू होतं.

सुटेभाग
ताई, मापाचं बरोबर आहे, पण सगळा दोष सीटवर टाकू नका. दहातल्या सात जणींची अडचण सीटची नसते, पुढे फार लांब पोचावं लागतं त्याची असते. हात लांबले की ओटीपोट पुढे वळतं आणि भार हाडांवरून उतरून नाजूक भागावर येतो. अशा वेळी तीन सीटा बदलल्या तरी काही होत नाही. आधी १०० मिमीचा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) काढून ८० चा लावा. सीट उंच असेल तर कंबर दोन्ही बाजूंना डुलते आणि घासते, ३ ते ५ मिमी खाली घ्या. आतल्या मांडीची लांबी गुणिले ०.८८३, हे पेडलच्या दांड्या ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं सुरुवातीचं माप.

बारीकसारीक
दहातल्या सात कुठून आणल्या? तुम्ही मोजल्यात का? हेच मला खटकतं. बाई म्हणते दुखतंय, पुरुष म्हणतो दुखायचं कारण वेगळं आहे. १३० ची सीट आणि १३० ची हाडं असतील तर स्टेम ६० चा लावला तरी हाडं कडेवरच बसणार. रुंदी आधी, लांबी नंतर. क्रम बदलू नका.

सुटेभाग
'सात'चा आकडा मागे घेतो, अंदाजाने लिहिला होता. क्रमही मान्य, रुंदी आधी. पण हँडलचं बोलू द्या, कारण त्यात पैसे फुकट जाताहेत. अरुंद खांद्याच्या मुलींना ३६ सेंटीमीटरचा बार घ्यायला सांगणं चाललंय. ते माप नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं. बाहेरून ते ३८४ मिमीच्या आसपास भरतं. १ जानेवारी २०२६ पासून यूसीआयचा (सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा) नियम आहे, मास स्टार्टला बार बाहेरून बाहेर किमान ४०० मिमी हवा. सरळ ३६ चा बार नियमात बसत नाही, ३८ चा बसतो, किंवा वर अरुंद नि खाली पसरट असा. छोट्या बांध्याच्या बायकांवर हा अन्याय आहे आणि मला त्याचा राग आहे, पण आज पैसे घालताना हे बघूनच घाला.

हात छोटे असतील तर लिव्हर आत घ्यायचा स्क्रू असतो, बहुतेकांना माहीतच नसतो. आत घेतल्यावर केबल ताणून घ्या, नाहीतर लिव्हर बारला टेकतो आणि ब्रेक पूर्ण लागत नाही.

चारकोपी
मूळ पोस्टमधल्या 'मग ब्रेव्हे'वर कुणीच बोललं नाही. ब्रेव्हे ही शर्यत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, नंबर नाही, चहाला थांबलात तरी चालतं. शर्यतीत दोन मिनिटांत पाच वेळा जोर काढावा लागतो. सहा महिने ताशी २२ किलोमीटरच्या चालीने फिरलेली मुलगी पहिल्याच उसळीला मागे पडते. ब्रेव्हे आनंदाने करा, तयारी म्हणून विकू नका.

वॉट्सआधी
विकू नका? इथे मी काही विकत नाही. ब्रेव्हेने चार-पाच तास बसायची आणि वेळेवर खायची सवय लागते. पहिल्या शर्यतीत मुली उपाशी पडतात हे दिसत नाही का?

येऊरचढ
खाण्याचं खरं आहे. ताशी ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे दोन केळी आणि एक-दोन खजूर, तहान लागायच्या आधी मीठ-साखरेचं पाणी. त्यासाठी २०० किलोमीटर लागत नाहीत, तीन तासांच्या राइडमध्ये शिकता येतं. आणि वजनासाठी उपाशी ट्रेनिंग करणाऱ्यांनी नीट ऐका: पाळी थांबली तर ते फिटनेसचं लक्षण नाही, शरीराला अन्न पुरत नाहीये. हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरकडे जा, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा.

हार्बरलाइन
वॉट्सआधी, लोकल आणि बंद रस्त्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, मी ते हलक्यात घेतलं. आठवड्यातले दिवस ट्रेनरवर जाऊ देत, पावसाळ्यात तर जास्तच. फक्त पंखा समोर लावा आणि हँडलवर टॉवेल टाका. घामाचं मीठ स्टेमच्या बोल्टवर आणि हेडसेटच्या (हँडल वळतं तिथल्या) बेअरिंगवर उतरतं, सहा महिन्यांत बोल्ट गंजून अडकतो. पण रविवार रस्त्याचाच, आणि पहिल्या महिन्यापासून. दोन वर्षं थांबायचं नाही.

वॉट्सआधी
रविवारचं मान्य, तिघींपेक्षा कमी असतील तर नाही. आणि पहिली शर्यत टाइम ट्रायल. एकेकीला ठराविक अंतराने सोडतात, बंच नाही, कुणाचं चाक लागत नाही, ट्रेनरवरची मेहनत थेट दिसते. मास स्टार्ट त्यानंतर. ब्रेव्हेबद्दल माझं मत बदललेलं नाही.

हार्बरलाइन
टाइम ट्रायल आधी, चालेल. त्यासाठी टीटी बार (पुढे झुकून हात टेकायचे जोडबार) लावलात तर मास स्टार्टच्या आधी काढा, तिथे चालत नाहीत. नाव देताना वयोगट जन्मसालावरून ठरतो, वाढदिवसावरून नाही: शर्यतीचं साल वजा जन्मसाल, १७-१८ ज्युनियर. राज्य निवडीला जन्माचा दाखला मूळ प्रत सोबत न्या.

बारीकसारीक
आणि सीट शर्यतीच्या आठवड्यात बदलू नका. किमान तीन आठवडे आधी.