परसातली अनोळखी मिरची: तुमचा अनुभव सांगा

मालवणहून, धाग्याची सुरुवात मीच करतो. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या आमच्या केळीच्या बुडात गेल्या चतुर्थीच्या सुमारास मिरचीचं एक रोप आपसूक उगवलं. पेरलं कुणीच नव्हतं. जानेवारीत फळं धरली: नखाएवढी, आभाळाकडे तोंड करून उभी, कच्ची असताना ताकासारखी पांढुरकी आणि पिकल्यावर नारिंगी. बाजारातल्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या लवंगी. शेजारचे काका म्हणाले नेपाळी. आई म्हणाली, "शोभेची आहे ती, तोंडात घालू नको." तुमच्या परसात अशी कुणी पाहुणी आली का? ओळख कशी पटवलीत? फसला असाल तर ते आधी लिहा.

देवगडहून: पेरणारा केळीवर बसतो बघा, बुलबुल. पाखरांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. ती फळं गिळतात आणि बी दुसरीकडे टाकतात. आमची आजी हिला पाखरांची मिरसांग म्हणायची. पिकलेली तोडायला गेलो की ओरडायची, "आधी तेंका खावक दी, मगे आपण खावया." मिरसांग म्हणजे मिरीची सांग, म्हणजे शेंग. पोर्तुगीजांनी मिरची आणण्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मुख्यतः मिरी, त्यामुळे नवीन पाहुणीला घरच्याच मिरीचं नाव मिळालं.

रत्नागिरीहून: नावाच्या नादी लागू नका. बारीक आणि झणझणीत दिसली की आपण लवंगी म्हणून मोकळे होतो. फूल बघा, तेही सकाळी. लागवडीतल्या मिरचीच्या प्रजाती पाचच आहेत आणि बरंचसं फुलावरून कळतं. एका पेरात एकच फूल, दुधासारखं पांढरं: ती बहुधा अ‍ॅन्युअम. आपली ब्याडगी, संकेश्वरी, ढोबळी सगळ्या त्यातल्या. फूल हिरवट पांढरं, देठ ताठ, फळ उभं: फ्रुटेसेन्स, केरळातली कांदारी तीच. एका पेरात दोन-तीन किंवा जास्त फुलं खाली लोंबलेली आणि फळाच्या टोपीखाली देठाला आवळल्यासारखी वळी: चायनेन्स, आसामकडच्या जहाल भूत जोलोकियाचं घराणं. पाकळ्यांवर पिवळट-हिरवे ठिपके: बॅकाटम. मुकुटासारख्या आकाराची मिरची कुणाकडे असेल तर ती ह्यातली. पाचवी प्युबेसेन्स, जांभळं फूल आणि काळं बी. तिचं घर अँडीज पर्वतात, थंड हवेत. मी हौसेने लावली. झाड कमरेएवढं झालं, पण आपल्या दमट उकाड्यात एकही फळ टिकलं नाही. दोन वर्षं पाणी घालून शेवटी उपटली.

मालवणहून: दादा, फूल बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्या बघतो.

दापोलीहून: फसलेल्यांत मी पहिली. भूत जोलोकिया म्हणून विकत घेतलेल्या पुडीतून साधी लांब हिरवी मिरची निघाली. पुढच्या वर्षी आसामातल्या मैत्रिणीकडून बी आणलं. करवंट्यांत माती-शेणखत भरून पेरलं. आठवड्यात उगवणाऱ्या मिरचीची सवय, हिला तब्बल पंचवीस दिवस लागले. करवंट्या चुलीशेजारी उबेला ठेवल्या तेव्हा कुठे कोंब दिसले. 2007 साली हिच्या नावावर सर्वांत तिखट मिरचीचा गिनीज विक्रम झाला होता, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं माप) वर. हे सगळं वाचलेलं असूनही मी उघड्या हातांनी आतला पांढरा पडदा काढत बसले. खरा जाळ त्या पडद्यातच असतो, बियांत नव्हे. रात्रभर हात बादलीत बुडवून बसले, उपयोग शून्य. सकाळी सासूबाईंनी खोबरेल चोळून साबणाने धुवायला लावलं, तेव्हा जरा बरं वाटलं. तो जाळ तेलात विरघळतो, पाण्यात नाही. आता एक मिरची दोन किलो कैरीच्या लोणच्याला पुरते आणि चिरायच्या आधीच हाताला तेल लावते.

रेवदंड्याहून: आमची ढोबळी लवंगीशेजारी लावली म्हणून तिखट झाली हो.

रत्नागिरीहून: त्याच वर्षी होणार नाही. पराग बाहेरचा असला तरी फळाचं अंग आणि तो पडदा आईच्याच झाडाचा. फरक पडेल तो त्या बियांपासून आलेल्या पुढच्या झाडांत. तुमचं रोपच आधीच्या मिसळीचं असणार. बी राखायचं असेल तर कळ्यांवर मलमलीची पिशवी बांधा.

वेंगुर्ल्याहून: माझं माहेर गोव्यातल्या काणकोणचं. तिथली खोला मिरची, जिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे ती, डोंगरउतारावर नुसत्या पावसावर पिकते. मग काय, हौसेने मिरगाच्या पावसात सपाट परसात लावली. श्रावणात सगळी रोपं माना टाकून बसली. मुळं कुजली होती. उतारावर पाणी थांबत नाही, आमच्या परसात जांभ्याच्या कातळावर वीतभर माती, पाणी तुंबतं. पुढच्या खेपेला दगड रचून हातभर उंच वाफा केला आणि त्यात वाळू, पालापाचोळा घातला. बारापैकी आठ जगली. आईला दाखवली तर म्हणे, रंग आलाय, वास नाही आला.

गुहागरहून: सगळ्यांची झाडं जगतात, माझ्या झाडांवर दरवर्षी बोकड्या, म्हणजे पानं आक्रसायचा रोग. पानं वर वळली की फुलकिडे, खाली वळली की कोळी कीड, एवढं शिकलोय. निंबोळी अर्क मारतो. अर्धी वाचतात.

मालवणहून: आज चष्मा लावून बघितलं. एका पेरात कुठे एक, कुठे दोन फुलं, हिरवट पांढरी. देठ ताठ, वळी नाही. म्हणजे कांदारीची बहीण. बुलबुलाने पिकलेली बहुतेक नेली, म्हणून उरलेल्यांवर जुनं मासळीचं जाळं टाकलंय. एक फांदी त्याच्यासाठी उघडी ठेवली आहे. आई अजून शोभेचीच म्हणते. कालच्या सोलकढीत ठेचलेली मिरची तीच होती, हे तिला सांगितलेलं नाही.