एका भुतावर गाव पोसावं का? (स्लीपी हॉलोचा ऑक्टोबर)

हडसनकाठी:
न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून हडसन नदीच्या काठाकाठाने जाणारी गाडी पकडली की पाऊण तासात टॅरीटाउन येतं. त्याला खेटूनच स्लीपी हॉलो. ऑक्टोबर लागला की हॅलोविनसाठी, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणासाठी, या दोन गावांत पाय ठेवायला जागा नसते. परेड, रस्त्यावरची जत्रा, दफनभूमीत कंदिलाच्या उजेडातली फेरी, आणि नदीकाठानेच वर असलेल्या क्रोटन गावी हाताने कोरलेल्या हजारो भोपळ्यांची रोषणाई. न्यू जर्सीतली आपली मंडळीही पोराबाळांसकट जातात, आणि आल्यावर व्हॉट्सॲपवर कुणीतरी ठरलेला टोला हाणतंच: 'भुताखेतांचा बाजार!'

बाजार आहे, मान्य. पण माल घरचा आहे. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंगची बिनमुंडक्याच्या घोडेस्वाराची गोष्ट १८२० साली आली. तोफगोळ्याने मुंडकं उडालेला भाडोत्री हेसियन (जर्मन) सैनिक रात्री ते शोधत फिरतो, अशी वदंता. त्या गोष्टीतलं जुनं डच चर्च अजून उभं आहे आणि अर्विंग त्याच्या शेजारच्याच दफनभूमीत पुरलेला आहे. १९९६ पर्यंत गावाचं नाव नॉर्थ टॅरीटाउन होतं. त्या वर्षी नदीकाठचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद पडला आणि वर्ष संपायच्या आत गावकऱ्यांनी मतदान करून गोष्टीतलं नाव घेतलं. पोट गेल्यावर गावाने जे हाताशी होतं ते वापरलं. यात लाज कसली?

ओटीवरचा:
मूळ गोष्ट वाचलीत ना? तिच्यात हॅलोविनचा उल्लेखसुद्धा नाही. शरदातली एक मेजवानी, भित्रा शाळामास्तर इकाबॉड क्रेन, मास्तरला हव्या असलेल्या कटरिनावरच डोळा ठेवून असलेला ब्रॉम बोन्स, रात्री मास्तरच्या मागे लागलेला घोडेस्वार, आणि दुसऱ्या दिवशी सापडलेली टोपी अन् फुटका भोपळा. भूत खरं होतं की ब्रॉमने मास्तरला पळवून लावलं, हे अर्विंगने मिश्कीलपणे आपल्यावर सोडलंय. सगळी गंमत तिथे आहे. परेडमधला घोडेस्वार ही शंकाच मारून टाकतो. विनोदी कथेची भयकथा केली आणि वर तिला 'वारसा' म्हणायचं.

हडसनकाठी:
@ओटीवरचा, वाचलीय. पण दोनशे वर्षांनी लोक ती वाचतात ती कशामुळे? इथल्या हायस्कूलचा संघसुद्धा घोडेस्वाराच्या नावाने खेळतो. पोरं आधी त्याला बघतात, मग केव्हातरी पुस्तकाकडे वळतात. उलट क्रमाने कुणी आलेलं मला तरी माहीत नाही.

शेंगदाणा:
आई म्हणून लिहिते. आमची धाकटी अंधाराला घाबरते, तरी भोपळ्यांच्या रोषणाईत खूश होती. तिथे अंगावर कुणी धावून येत नाही. नुसतं चालायचं, बघायचं. घाबरवणारे खेळ वेगळे असतात, जाहिरात नीट वाचली की कळतं. तिकिटं वेळेनुसार आणि आगाऊ काढावी लागतात, शनिवार-रविवारची लवकर संपतात. आणि गाडी नेऊ नका, ट्रेनने जा, पार्किंगच्या नादात नवरा-बायकोत खरं भूत उभं राहतं :)
'आपल्या संस्कृतीत बसत नाही' म्हणणाऱ्यांसाठी: आरवलीच्या वेतोबाला आपण चपला वाहतो ना? रात्री गावाची राखण करत फिरून झिजतात म्हणून. भुतांचा राजा आपण रखवालदार करून ठेवलाय. पोरांनी भोपळा कोरला तर काय बिघडतं? २०२४ ला तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. आमच्या पायरीवर भोपळा होता आणि वर आकाशकंदील.

ओटीवरचा:
वेतोबापुढे तिकीट काढून कुणी उभं राहत नाही. तो श्रद्धेचा विषय आहे, हा हंगामी धंदा आहे.

नांगर:
संस्कृतीचं राहू द्या, हिशेबाचं बोला. कारखाना बारा महिने पगार देत होता, घोडेस्वार एक महिना देतो. त्या जागेवर आता नदी दिसणारी घरं उभी राहिलीत. गावात जवळपास निम्मी वस्ती लॅटिन अमेरिकन वंशाची आहे, त्यातली किती कुटुंबं त्या घरांत राहू शकतील? ऑक्टोबरात हॉटेलवाले कमावतात आणि बाकीच्यांना स्वतःच्या दारात गाडी लावता येत नाही. हा 'गावाने' काढलेला मार्ग नव्हे, गावातल्या काहींनी काढलेला.
दफनभूमीचं तर बोलायलाच नको. तिथे आजही माणसं पुरतात. कुणाच्या तरी बापाच्या दगडापाशी सेल्फी काढायचे?

पाणवठा:
नांगर यांचा पहिला मुद्दा पटतो. पण खरी अडचण अजून कुणी काढलीच नाही. चर्चसमोर, पोकँटिको नदीच्या मुखाजवळ, फिलिप्सबर्ग मॅनर ही जुनी जहागीर आहे, आता संग्रहालय. जुनी पाणचक्की, बांध, धान्याचा व्यापार. मालक अडॉल्फ फिलिप्स गेल्यावर १७५० साली मालमत्तेची यादी झाली, तिच्यात २३ गुलाम आहेत. चक्की चालवणारा सीझर त्यांच्यातलाच. त्या काठावर खरोखर राबून मेलेली माणसं ही. त्यांच्या नावाने परेड नाही. कल्पनेतल्या एका सैनिकाच्या नावाने मात्र अख्खं गाव. माझी हरकत भुताला नाही, कोणत्या मेलेल्यांची आठवण काढायची हे भोपळा ठरवतो, त्याला आहे.

हडसनकाठी:
@पाणवठा, म्हणूनच एक गोष्ट सांगतो. भोपळ्यांची रोषणाई भरवणारी आणि फिलिप्सबर्ग मॅनर सांभाळणारी संस्था एकच आहे, हिस्टॉरिक हडसन व्हॅली. मॅनरमध्ये मार्गदर्शक गुलामगिरीबद्दल आडपडदा न ठेवता बोलतात, यादीतल्या माणसांची नावं घेऊन. गंभीर संग्रहालयं नुसत्या गांभीर्यावर चालत नाहीत. गर्दी ज्या दाराने येते त्या दारावर पैसे घ्यायचे आणि ज्या खोलीत कुणी येत नाही तिचा दिवा पेटता ठेवायचा, हे मला शहाणपणाचं वाटतं.
@नांगर, दफनभूमीत फेरी मार्गदर्शकासोबत असते, आणि तिकडे जाणारे तिथेच पुरलेल्या पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींचीही चौकशी करतात. सेल्फीवाले सगळीकडेच असतात.

पाणवठा:
संस्था एक आहे हे खरं. पण क्रोटन वेगळं, मॅनर वेगळं. भोपळे बघून परतणाऱ्यांतले किती जण चक्कीपाशी उतरतात? तुम्ही उतरलात का?

हडसनकाठी:
उतरलोय. ऑक्टोबरात नव्हे पण.

पाणवठा:
तेच म्हणतोय.

शेंगदाणा:
मग भोपळ्याच्या तिकिटातच मॅनरची सवलत द्यावी, किंवा परेड त्या दारावरून न्यावी. भांडून काय होणार, संस्थेला ईमेल करा की. मी करतेय.

ओटीवरचा:
सगळ्यांनी जूनमध्ये जा. नदी तीच, चर्च तेच, गर्दी नाही. पुस्तक सोबत घ्या.

शेंगदाणा:
जूनमध्ये पोरं येत नाहीत हो काका, त्यांना भूत लागतं. आणि जाणार असाल तर चक्की कोणत्या दिवशी उघडी असते ते आधी बघून घ्या.