न्यूझीलंडची कॅम्परव्हॅन सहल पाचव्या दिवशी संपली. ठाण्यात वीस वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव तिथे पुरतो का?

घंटाळीकर (ठाणे)

एप्रिलच्या मध्यावर आम्ही चौघं न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गेलो होतो. मी, बायको, दहावीची परीक्षा दिलेली मुलगी आणि ७१ वर्षांची आई. भाड्याच्या कॅम्परव्हॅनमधून, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून, चौदा दिवसांची सहल होती, पाचव्या दिवशी संपली. घरी परतून तीन आठवडे झाले. जे झालं ते लिहितो आणि त्यावरून माझं जे मत झालं आहे तेही. न पटणाऱ्यांनी मोकळेपणाने लिहावं.

आदल्या रात्री आम्ही टेकापो तळ्याकाठी होतो. तिथलं आकाश इतकं काळंभोर असतं की आईने लहानपणी अंगणात झोपून पाहिलेला तारकांचा पट्टा तिला परत दिसला. ती रात्री साडेअकरापर्यंत व्हॅनच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. साहजिकच सकाळी निघायला उशीर झाला. दुपारी क्वीन्सटाउनला १९१२ सालच्या वाफेच्या बोटीची तिकिटं काढलेली होती. अंतर अडीचशे किलोमीटर, फोन सांगत होता तीन तास. पण तो हिशोब छोट्या मोटारीचा. सात मीटर लांब, तीन मीटर उंच, भरलेली व्हॅन तेवढ्या वेळात पोचत नाही.

ओमारामा मागे टाकून लिंडिस खिंडीचा चढ लागला. खिंडीचा माथा ९७१ मीटरवर आहे. रस्ता गुळगुळीत, दोनच लेनचा, मध्ये दुभाजक नाही. माझ्यामागे चार-पाच गाड्या साचल्या होत्या. मला संकोच वाटला, म्हणून साइड द्यायला व्हॅन डावीकडे घेतली. डावी चाकं डांबर सोडून खडीवर उतरली. वेग ८५ च्या आसपास. मागचा भाग सरकतोय असं जाणवलं आणि मी स्टिअरिंग झटक्याने उजवीकडे ओढलं. व्हॅन समोरची लेन ओलांडून पलीकडच्या चरात गेली आणि तारेच्या कुंपणाला टेकून कलंडली. समोरून त्या क्षणी कोणी येत नव्हतं. आजही रात्री झोप मोडली की मला तो मोकळा रस्ताच दिसतो.

पट्टे सगळ्यांनी लावलेले होते. पण सकाळचा कुकर शेगडीवर तसाच राहिला होता, तो उडून आईच्या खांद्याला लागला. कॉलरबोन मोडलं. मेंढ्या वाहून नेणाऱ्या एका ट्रकवाल्याने थांबून १११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर कळवलं. जवळच्या गावातले अग्निशमन स्वयंसेवक आले, मग रुग्णवाहिका. त्या माणसांनी आईशी जे वागणं ठेवलं ते मी विसरणार नाही. पोलिसांनी श्वासाची चाचणी घेतली, जबाब घेतला. आठव्या दिवशी आम्ही परतीच्या विमानात होतो.

आता माझं मत. आरटीओत हजार रुपये भरले की आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, वेगळी परीक्षा नसते. तिथेही डावीकडूनच चालवायचं, म्हणून आपल्याला सगळं येतं असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण घोडबंदर रोडवर मी वीस वर्षं जे शिकलो ते गर्दीतून वाट काढणं. भरलेली उंच गाडी तासन् तास ८०-९० ने अरुंद रस्त्यावर धरून ठेवणं हे वेगळं काम आहे आणि ते मी कधीच केलेलं नव्हतं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी कॅम्परव्हॅन घेऊच नये. छोटी मोटार घ्यावी, मोटेलात राहावं. घरातलं कोणी वयस्क बरोबर असेल तर हे आणखी ठामपणे सांगेन.

नेरूळचा वाटसरू

दादा, आईंच्या प्रकृतीला लवकर आराम पडो. पण तुमच्या निष्कर्षाशी मी अजिबात सहमत नाही.

मी आणि माझी बायको दोनदा व्हॅन घेऊन फिरलोय, एकदा याच बेटावर. पश्चिम किनाऱ्यावर एकपदरी पूल आहेत, त्यांच्या तोंडाशी कोणी थांबायचं हे बाण सांगतात. तुमच्या बाजूचा बाण लहान आणि लाल असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. दोन पूल ओलांडले की अंगवळणी पडतं. जागोजागी रस्त्यावर ‘डावीकडे राहा’ सांगणारे बाण रंगवलेत. साडेतीन हजार किलोच्या वरच्या गाडीला कायद्यानेच ९० ची मर्यादा आहे. म्हणजे ती व्यवस्था परक्या माणसाला सांभाळून घेते.

तुमचा अपघात घाईने झाला. बोटीचं तिकीट नसतं तर तुम्ही आरामात गेला असता. एका चुकीवरून ‘आपल्यासारख्यांनी घेऊच नये’ हे मला टोचतं. २०१५ च्या सुमारास तिथले काही लोक परदेशी पर्यटकांच्या गाडीच्या किल्ल्या स्वतःच काढून घेत होते, परका म्हणजे वाईट चालवणारा असं धरून. तिथले बहुतेक अपघात तिथल्याच चालकांच्या हातून होतात, तरी हा समज होता. तोच समज आपण आपल्याबद्दल का पसरवायचा? आणि मोटेलात राहून ती सहल होत नाही. सकाळी उठून दार उघडल्यावर समोर तळं, हातात चहा, ते त्या घराच्या चाकांमुळेच.

खोपट डेपो, निवृत्त

नमस्कार. एसटीत ३१ वर्षं चालक होतो. माळशेज, कसारा, अलिबाग, सगळं केलं. परदेश पाहिलेला नाही, पण खडीवर उतरलेलं चाक पाहिलंय.

घंटाळीकर साहेब, तुम्ही दोन गोष्टी केल्यात. दुसरी सगळे करतात, पहिली फक्त आपल्याकडची माणसं करतात.

पहिली, साइड देणं. आपल्याकडे जुने रस्ते एका गाडीपुरते होते. समोरून किंवा मागून मोठी गाडी आली की डावी चाकं कच्च्यात उतरवायची, हा रिवाज. तो माझ्याही पायात भिनलेला. पण आम्ही ते तीस-चाळीसला करायचो. तुम्ही तीच सवय ८५ ला वापरलीत. घाई नसती तरी वापरली असती, कारण ती संकोचातून आली होती, बोटीच्या तिकिटातून नाही. म्हणून नेरूळच्या भावाचं म्हणणं मला अर्धंच पटतं.

दुसरी, ओढलेलं स्टिअरिंग. चाक खडीवर गेलं की पाय अॅक्सिलरेटरवरून उचलायचा, ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं. गाडी डुगडुगेल, डुगडुगू द्यायची. वेग पडला की मग हळू डांबरावर घ्यायची. डावं चाक डांबराच्या कडेला घासत असताना तुम्ही उजवीकडे जोर लावता, ते एकदम कडेवर चढतं आणि गाडी तिरकी सुटते. उंच गाडीचं वजन वर असतं, ती लगेच अंगावर येते. नव्या चालकाला हे आम्ही रिकाम्या गाडीवर करून दाखवायचो. सांगून कळत नाही, हाताला कळावं लागतं.

आपल्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारगाडीच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी कायद्याने चालवता येते. कायद्याला चालतं म्हणजे हाताला येतं असं नाही. जाण्याआधी एखाद्या ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याचा टेम्पो ट्रॅव्हलर पहाटे मोकळ्या जागेत चार-पाच वेळा चालवा. मग जा खुशाल.

ऐरोलीची मेघना

खोपटच्या काकांनी लिहिलेलं माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं, आम्ही डिसेंबरात निघतोय.

मला वेगळंच विचारायचंय. पुरुषमंडळी रस्ता, वेग, स्टिअरिंग बोलतायत. तो कुकर शेगडीवर का होता? सकाळी उशीर झाला, सासूबाईंची औषधं, मुलीची आंघोळ, भांडी, गादी उचलणं, हे सगळं त्या सात मीटरमध्ये कुणी आवरलं? व्हॅनमध्ये घर बरोबर असतं म्हणतात, म्हणजे घरकामही बरोबर असतं आणि गाडी हलण्याआधी ते पूर्ण व्हावं लागतं. प्रत्येक खण बंद, प्रत्येक भांडं आत, गॅसचा नॉब बंद. याला पाऊण तास लागतो. तुमच्या ‘तीन तासांत’ तो पाऊण तास मोजला होता का?

विमानाने ख्राइस्टचर्चला उतरून त्याच दिवशी व्हॅन घेतलीत का, तेही लिहा. तिथली घड्याळं एप्रिलमध्ये आपल्यापुढे साडेसहा तास असतात. तिथे सकाळचे अकरा म्हणजे आपल्या शरीराला पहाटेचे साडेचार.

आणि एक. वहिनींना गाडी येते का? कारण पूर्ण लेखात चालवणारे तुम्ही एकटेच आहात.

ओवळा नाका

मला हा धागा वाचून त्रास होतो. आमच्याकडे घोडबंदर रोडवर गायमुखला रोज माणसं जीव मुठीत धरून दुचाकी चालवतात. खड्डा चुकवायला गेलेला पोरगा डंपरखाली जातो. त्याच्यावर चार ओळी येत नाहीत. लाखो रुपये खर्चून गेलेल्यांच्या सहलीवर मात्र पानं भरतात. तिथे रुग्णवाहिका आली, स्वयंसेवक आले. इथे अपघात झाला की लोक आधी पोलिसांच्या कटकटीला घाबरतात. २०२५ पासून आपल्याकडेही रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे उपचार पैसे न भरता मिळायची योजना आहे. किती जणांना माहीत आहे? ते लिहा.

घंटाळीकर (ठाणे)

ओवळेकर, तुमचा राग खरा आहे आणि त्याला उत्तर म्हणून माझी सहल पुढे करणार नाही. एवढंच म्हणतो की चरात कलंडलेल्या व्हॅनमध्ये आई कण्हत असताना मला पहिल्यांदा उमगलं की जखमी माणसाजवळ थांबणं म्हणजे काय. तो ट्रकवाला तासभर थांबला होता. आपल्या रस्त्यावर मी किती वेळा न थांबता पुढे गेलोय, तेही तेव्हाच आठवलं. योजनेची माहिती आमच्या सोसायटीच्या फलकावर लावतो.

मेघनाताई, तुमच्या प्रश्नांचं उत्तर देतो, थोडा वेळ द्या.

वाशी सेक्टर १७

मी प्रवास विम्याचे दावे हाताळतो. दोन्ही बाजू विम्याबद्दल गप्प आहेत म्हणून लिहितो.

न्यूझीलंडमध्ये अपघाताच्या इजेवर उपचार करणारी एसीसी ही सरकारी योजना १९७४ पासून आहे. चूक कुणाची हे ती विचारत नाही, पर्यटकालाही धरते. त्याबदल्यात इजेच्या भरपाईसाठी तिथे कोर्टात दावा लावता येत नाही. घंटाळीकरांच्या आईंचा तिथला बराचसा उपचार यातच झाला असणार. लोक इथेच फसतात, त्यांना वाटतं झालं, सगळं सुटलं. एसीसी बदललेलं विमान तिकीट देत नाही, बुडालेलं बुकिंग देत नाही, मायदेशी परतल्यावरचा खर्च देत नाही. त्यासाठी आपली पॉलिसी. तिच्यात सहल अर्धवट सोडण्याचं कलम आहे का आणि रक्कम किती, हे आधी पाहा. तिथल्या डॉक्टरचं ‘प्रवास थांबवावा’ असं लेखी पत्र घेतलं नाही तर दावा अडकतो. गडबडीत हेच पत्र राहतं.

व्हॅनचा करार वेगळाच. गाडीचं नुकसान झालं तर स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम कित्येकदा हजारो डॉलरची असते. ती कमी करायला रोजचे जादा पैसे भरले तरी छत आणि गाडीचा तळ अनेक करारांत वगळलेला असतो. दुसऱ्या कुठल्या गाडीशी टक्कर न होता गाडी उलटली तर वेगळा नियम असू शकतो. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडसारख्या काही रस्त्यांवर भाड्याच्या गाडीला विमाच लागू होत नाही. किल्ली घेण्याच्या घाईत हे कुणी वाचत नाही.

‘घेऊ नये’ हे मला पटत नाही. घ्यावी, पण काय काय आपल्या अंगावर येऊ शकतं ते आधी कागदावर मांडून.

नेरूळचा वाटसरू

काकांनी साइड देण्याचं जे लिहिलं ते मी दोन दिवस डोक्यात घोळवतोय. मीही दिलेली आहे साइड. पहिल्या सहलीत, ओल्या रस्त्यावर. माझं काही बिघडलं नाही, म्हणून ती चूक होती हे मला कळलंच नाही. तिथे हळू गाड्यांसाठी बाजूला रुंद जागा केलेल्या असतात, फलक आधीच लागतो. तोवर मागच्यांना थांबू द्यायचं, नाहीतर सुरक्षित जागा बघून पूर्ण थांबायचं. हे मी मान्य करतो.

बाकी माझं मत तेच आहे. ज्याला भीती बसली त्याने मोटारीने जावं, पण भीती सगळ्यांच्या नावावर लिहू नये.

घंटाळीकर (ठाणे)

मेघनाताई, हो, सकाळी उतरलो आणि दुपारी व्हॅन ताब्यात घेतली. एका रात्रीचं हॉटेल वाचवलं. पाऊण तास मोजला नव्हता. कुकर बायकोने घासून आत ठेवायला घेतला होता, ‘राहू दे, वाटेत बघू’ असं मी म्हणालो आणि किल्ली फिरवली.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात जड गेलं. तिला गाडी येते. ती रोज ठाण्याहून महापेला चालवत जाते, माझ्यापेक्षा शांत चालवते. तिचा परवानाही काढलेला होता. पण करारात दुसऱ्या चालकाचं नाव घालायला रोजचे वेगळे पैसे होते, तेव्हा मी काउंटरवर तिला न विचारताच ‘मी एकटाच चालवीन’ असं सांगितलं. काल हा धागा तिला वाचायला दिला. तिने वाचला आणि म्हणाली, त्या चढावर मी दोनदा म्हटलं होतं की मागच्यांना थांबू दे.

मला ते ऐकू आल्याचं आठवत नाही.

खोपटच्या काका, पहाटेची मोकळी जागा ठाण्यात कुठे मिळेल ते कळवा. आम्ही दोघंही येऊ.