मदत हवी आहे: पेट-सीटीत (गाठी किती साखर शोषतात ते दाखवणारा स्कॅन) चमक घटली, पण सीटीवर हाडांत नवे पांढरे डाग. आजार वाढला म्हणायचा का?

रुग्ण ५४ वर्षांच्या, ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-२ (पेशींवरचं एक प्रथिन) निगेटिव्ह, हाडांत पसरलेला स्तनाचा कर्करोग. लेट्रोझोल (हार्मोनविरोधी) आणि रायबोसिक्लिब (पेशींची वाढ रोखणारं) या औषधांचे ३ महिने पूर्ण. एल-३ (कमरेच्या) मणक्यातल्या गाठीचा एसयूएल-पीक (चमकेचं माप) ६.१ वरून ३.४ वर आला, म्हणजे सुमारे ४४ टक्के घट. पर्सिस्टच्या (पेटवरून प्रतिसाद ठरवण्याची पद्धत) निकषात (किमान ३० टक्के आणि ०.८ एकक) हे बसतं. त्याच मणक्यातल्या पोकळ (हाड झिजलेल्या) डागाला आता पांढरी कड आली आहे. पण डी-८ (पाठीचा मणका) आणि कटिरात दोन नवे पांढरे डाग दिसतात, त्यांत एफडीजी (पेटसाठी टोचलेली किरणोत्सारी साखर) अजिबात नाही.

माझा कल फ्लेअरकडे, म्हणजे आधी सीटीवर न दिसलेले डाग भरून येताना उमटले असावेत. अडचण अशी की पहिला स्कॅन इंजेक्शननंतर ६२ मिनिटांनी झाला, दुसरा ८८ मिनिटांनी. फरक १५ मिनिटांच्या आत हवा होता. अर्थात उशिरा गाठीची चमक सहसा वाढते, त्यामुळे घट खरीच वाटते. रक्तातली साखर दोन्ही वेळा १५० च्या आत, जीसीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं औषध, त्यानेही हाडांची चमक बदलते) दिलेलं नाही.

प्रश्न:
रिसिस्ट १.१ (गाठींच्या आकारावरून प्रतिसाद ठरवण्याचे निकष) मध्ये निव्वळ पांढरे डाग मोजता येत नाहीत, मग रिपोर्टात ‘नवे डाग’ कसे लिहायचे, की औषध उगाच बदललं जाणार नाही?
८ ते १२ आठवड्यांनी पेट पुन्हा करावं, की आत्ताच डिफ्युजनसह (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणारी पद्धत) पूर्ण शरीराचा एमआरआय?

बोन स्कॅन सुचवू नका, फ्लेअरमध्ये तोही उजळतो.